हाडवैद्य आणि ऑस्टिओपॅथी

क्ष-किरण यंत्रे गावांच्या आवाक्यात येण्यापूर्वी तालमीत खांदा निखळला किंवा बैलगाडीवरून पडून हात मोडला, की जळोचीसारख्या गावांतील माणसे हाडवैद्याकडे धाव घेत. तो बोटांनी चाचपून मोड ओळखी, हाड ओढून जागी बसवी आणि बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधी. ही विद्या प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे ६ व हाड मोडण्याचे १२ प्रकार वर्णिले आहेत.

याच जातीच्या कलेतून अमेरिकेत एक स्वतंत्र उपचारपद्धती उभी राहिली, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. तिचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८-१९१७) हे स्वतः डॉक्टर. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्यांची तीन मुले दगावली आणि प्रचलित औषधांवरील त्यांचा विश्वास उडाला. त्या काळी पारायुक्त औषधे सर्रास दिली जात, हे ध्यानात घेता त्यात नवल ते काय! १८७४ मध्ये त्यांनी आपला सिद्धान्त मांडला : शरीराची रचना व कार्य परस्परावलंबी असून हाडे, सांधे व स्नायू यांतील अडथळा हातांनी दूर केल्यास शरीर स्वतःस सावरते. प्रारंभी तेही हाडवैद्य म्हणूनच आपली जाहिरात करीत.

परंतु १८९२ मध्ये त्यांनी मिसूरी राज्यातील कर्कस्व्हिल येथे विद्यालय काढले, शरीररचनाशास्त्र पायाभूत मानले आणि स्त्रियांनाही प्रवेश दिला. आपल्याकडे ही विद्या बहुधा घराण्यातच, तोंडी राहिली. वैद्य गेला की पुष्कळदा त्याच्या बोटांची जाणही गेली. शरीरशास्त्राच्या अभ्यासाअभावी हानीही झाली. पट्टी फार आवळल्याने रक्तपुरवठा तुटून हात कापावा लागल्याच्या घटना अस्थिरोगतज्ज्ञांनी नोंदविल्या आहेत.

आपल्या पुणे जिल्ह्यात हस्तोपचाराला प्रतिष्ठा लाभली ती निसर्गोपचाराच्या वाटेने. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या चिकित्सालयात गांधीजी राहिले, आणि मार्च १९४६ मध्ये उरुळी कांचन येथे त्यांनी स्वतः रुग्ण पाहिले. तेथील आश्रम पुढे मणिभाई देसाई यांनी सांभाळला. पाणी, माती, आहार यांच्या जोडीला तेथे मालिशही असते. मात्र ती ऑस्टिओपॅथी नव्हे.

अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेणारे आज शस्त्रक्रियेसह सर्व उपचार करणारे पूर्ण डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने या व्यवसायास नोंदणी आली. तेथे तो मुख्यतः हस्तोपचारच आहे. कंबरदुखीत त्याचा काही उपयोग अभ्यासांत दिसला आहे. स्टिल यांनी अन्य रोगांविषयी केलेले व्यापक दावे मात्र सिद्ध झालेले नाहीत.