झेंडूचे दोन धर्म

भाद्रपद वद्य अमावास्येस आमच्या डोंबिवलीत पुष्कळ घरी पितरांचे पान वाढले जाते. कावळा घासास शिवला म्हणजे घरच्या माणसांस हायसे वाटते. पुढे दहाव्या दिवशी, दसऱ्यास, त्याच दारांवर झेंडूची तोरणे चढतात. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. आणि तेथे तो पितरांचे फूल मानला जातो!

तेथील अॅझ्टेक लोक मृतांचे दोन उत्सव पाळीत : मुलांचा धाकटा व प्रौढांचा थोरला. १५२१ साली स्पॅनिशांनी त्यांची राजधानी जिंकली. त्यानंतर ख्रिस्ती सणाच्या दिवशी हे लोक मृत मुलांस व दुसऱ्या दिवशी प्रौढांस नैवेद्य ठेवितात, असे दिएगो दुरान या धर्मोपदेशकास आढळले. नव्या तिथीस जुनाच आचार चालू असावा, असा संशय त्याने १५७९ च्या सुमारास नोंदविला. १ व २ नोव्हेंबरचा तो क्रम आजही चालतो.

तेथे तिथी बदलली, अर्थ राहिला. फूल समुद्र ओलांडून आमच्याकडे आले, आणि त्याचा अर्थ पालटला. म्हणून आम्हांस वाटते, सणाचे मूळ शोधणाराने पंचांगावर व फुलावर विसंबू नये. पान कोणासाठी वाढले आहे, हे आधी पाहावे.