सहा गठ्ठा पद्धत
सहा गठ्ठा पद्धत ही महाराष्ट्रातील शासकीय व निमशासकीय कार्यालयांत लिपिकाच्या मेजावरील कागदपत्रे लावून ठेवण्याची रूढ पद्धत आहे. हाताशी असलेली सर्व प्रकरणे त्यांच्या स्थितीनुसार सहा गठ्ठ्यांत विभागली जातात. कोणत्या प्रकरणावर आज काम करायचे, कोणते उत्तरासाठी थांबले आहे आणि कोणते मेजावरून हलवायचे, हे कर्मचाऱ्यास व तपासणी अधिकाऱ्यास एका दृष्टिक्षेपात कळावे, हा तिचा हेतू आहे.

पार्श्वभूमी
कागद बांधून, खूण लावून ठेवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पेशवाईतील मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले असत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ते आजही याच रीतीने जतन केलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. असे संशोधन शक्य झाले, कारण कागद मुळात जपले गेले होते. आजच्या कार्यालयांतील ‘गठ्ठा’ आणि ‘दफ्तर’ हे शब्द याच परंपरेची आठवण देतात.

सहा गठ्ठे
१. प्रलंबित प्रकरणे : ज्यांवर कर्मचाऱ्यास स्वतः कार्यवाही करावयाची आहे.
२. प्रतीक्षाधीन प्रकरणे : ज्यांत अन्य कार्यालयाकडून किंवा अर्जदाराकडून माहिती येणे बाकी आहे.
३. नियतकालिके : ठरावीक काळाने पाठवावयाची मासिक, त्रैमासिक व वार्षिक विवरणपत्रे.
४. स्थायी आदेश संचिका : वारंवार लागणारे शासन निर्णय व परिपत्रके.
५. अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे : निकाली निघालेली व वर्गीकरण झालेली.
६. नष्ट करावयाचे कागद : ‘ड’ वर्गातील, मुदत संपलेले.

यांपैकी दुसरा गठ्ठा सर्वांत दुर्लक्षित राहतो. पत्र पाठवले की काम झाले, असा समज होतो. स्मरणपत्र जात नाही आणि प्रकरण तेथेच थांबते. म्हणून प्रतीक्षाधीन प्रकरणावर पुढील स्मरणपत्राची तारीख लिहून ठेवणे आवश्यक असते.

नोंदवह्या व वर्गीकरण
कार्यालयात आलेला कागद प्रथम आवक नोंदवहीत चढवला जातो, त्यास क्रमांक व दिनांक मिळतो आणि मग तो संबंधित लिपिकाकडे जातो. लिपिक त्याची नोंद आपल्या कार्यविवरण नोंदवहीत घेतो. धारिकेत टिपणी भाग व पत्रव्यवहार भाग वेगळे ठेवून पृष्ठांना क्रमांक दिले जातात. क्रमांक असल्यास मधले पान गहाळ झाल्याचे तत्काळ लक्षात येते.

प्रकरण निकाली निघाल्यावर जतनाच्या मुदतीनुसार त्याचे वर्गीकरण होते. सर्वसाधारणपणे ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षे, ‘क’ वर्ग १० वर्षे आणि ‘ड’ वर्ग १ वर्ष जपला जातो. काही कार्यालयांत ५ वर्षांचा ‘क-१’ हा वर्गही असतो. वर्ग चुकला तर हक्काचा पुरावा असलेला कागद रद्दीत जाण्याची भीती असते.

कायदेशीर आधार
माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने अभिलेख सूचीबद्ध ठेवणे बंधनकारक आहे. अर्जदारास सामान्यतः ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. धारिकाच सापडत नसेल, तर हा अधिकार कागदावरच राहतो. महाराष्ट्रातील विलंब प्रतिबंधविषयक २००५ च्या अधिनियमानुसार कोणतीही धारिका एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजी दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, अशी अपेक्षा आहे. शेतजमिनीचा फेरफार किंवा निवृत्तिवेतन यांसारख्या प्रकरणांत हा विलंब एखाद्या कुटुंबाच्या उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

संगणकीय धारिका व ईमेल
२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास लागलेल्या आगीत जीवितहानी झाली, तसेच अनेक विभागांच्या धारिका जळाल्या. एकाच ठिकाणी असलेल्या कागदाची मर्यादा या घटनेने स्पष्ट केली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ई-ऑफिस प्रणालीत टिपणी, मंजुरी व धारिकेचा प्रवास संगणकावर नोंदला जातो.

माध्यम बदलले, तरी सहा गठ्ठ्यांचे तत्त्व लागू पडते. ईमेलच्या आवक पेटीत सर्व संदेश तसेच पडू देण्याऐवजी ‘कार्यवाही’, ‘प्रतीक्षा’, ‘नियतकालिक’, ‘आदेश’ व ‘अभिलेख’ असे कप्पे करता येतात. निरुपयोगी संदेश मुदतीनंतर काढून टाकता येतात. संदेशाच्या विषयओळीत धारिका क्रमांक लिहिल्यास शोध सोपा होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायदेशीर मान्यता दिली आहे. त्यातील कलम ७ नुसार असा अभिलेख पुढेही वाचता येईल अशा रीतीने, तसेच उगम, गंतव्य, दिनांक व वेळ यांच्या तपशिलासह जपणे अपेक्षित आहे. त्यामुळे महत्त्वाच्या संदेशाचा केवळ मजकूर उतरवून घेणे पुरेसे ठरत नाही.

मर्यादा
ही पद्धत नियमित आवराआवरीवर अवलंबून आहे. केवळ दफ्तर तपासणीच्या आदल्या दिवशी बांधलेले गठ्ठे व्यवस्थित दिसतात, परंतु प्रकरणे पुढे नेत नाहीत. कर्मचाऱ्याची बदली होताना गठ्ठ्यांची यादीसह सोपवणूक झाली नाही, तर नव्या कर्मचाऱ्यास जुनी प्रकरणे पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागतात.