शाळेच्या भिंतीवरचा लिंकन

मुळशी तालुक्यातल्या आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत एक फ्रेम होती. वर दाढीवाला अब्राहम लिंकन, खाली मुलासाठी त्याने हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. मराठीत कवितेच्या रूपात, वसंत बापटांच्या शब्दांत. शिक्षकदिनाला ते कुणीतरी म्हणायचंच. सातवीत माझी पाळी आली. चार रात्री आजीसमोर उभं राहून मी ते पाठ केलं. आजीला अक्षर-ओळख नव्हती. ऐकून म्हणाली, "बाप गुणाचा होता म्हणायचा."

तुम्हालाही ते कधीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल. मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी जणांना लिंकन माहीत आहे तो गुलामगिरीमुळे नाही, यादवी युद्धामुळे नाही. या एका कवितेमुळे.

आता गंमत ऐका. लिंकनच्या समग्र लेखनाचे खंड १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत हे पत्र नाही. मूळ हस्तलिखित कुणालाच सापडलेलं नाही. लिंकन स्वतः तर सगळं मिळून वर्षभरही शाळेत गेला नव्हता. हे त्यानेच लिहून ठेवलंय. मला कॉलेजात हे कळलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. चार रात्रींचं पाठांतर, आणि पत्रच खोटं!

मग अमेरिकेतली मुलं काय वाचतात ते शोधलं. तिथेही तीच तऱ्हा. चेरीचं झाड तोडून खरं बोलणारा छोटा जॉर्ज वॉशिंग्टन आपल्याकडेही पोचलाय. ती गोष्ट वीम्स नावाच्या चरित्रकाराने पुस्तकाच्या १८०६ च्या आवृत्तीत घातली. तिला पुरावा नाही. इंग्रज सैन्य येतंय हे सांगत रात्री घोडा दौडवणारा पॉल रिव्हिअर घराघरांत पोचला तो लाँगफेलोच्या कवितेमुळे. कवितेत तो कॉनकॉर्ड गावापर्यंत जातो. १७७५ च्या त्या रात्री प्रत्यक्षात तो वाटेतच पकडला गेला; कॉनकॉर्डला पोचला तो त्याचा साथीदार प्रेस्कॉट. त्याचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? १९३३ साली रोझमेरी आणि स्टीफन व्हिन्सेंट बेने या कवी जोडप्याने तर मुलांसाठी अमेरिकन माणसांवरच्या कवितांचं अख्खं पुस्तक काढलं.

म्हणजे मुलांच्या कवितेला एक माणूस हवा असतो. एक घोडा, एक रात्र, एक पत्र. इतिहासातली गर्दी तिच्यात मावत नाही. जो मावतो, तो लक्षात राहतो.

हे कळल्यावर मला आमची गर्दी आठवली.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणाच्या कामावर मावळे जाऊन बसले आणि काम थांबलं. मुंबईला वीज हवी होती, त्यासाठी मुळशी खोऱ्यातल्या पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होतं. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. पुढारी पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे, एडिंबरोला शिकून आलेले. याच लढ्याने त्यांना 'सेनापती' केलं. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालंच. पुण्यातल्या ज्या एसबी रोडवर तुम्ही कॉफी प्यायला भेटता, तो यांच्याच नावाचा.

सेनापती स्वतः कविता करायचे. तरी आमच्या शाळेच्या भिंतीवर त्यांची ओळ नव्हती, त्यांच्यावरचीही नव्हती. आजीच्या वडिलांचं शेत त्या पाण्याखाली आहे, हे मला कॉलेज संपल्यावर कळलं. "आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू कुठं विचारलंस? तू तर त्या दाढीवाल्याचं पाठ करत होतास."

आता भाचा त्याच शाळेत आहे. यंदा त्याने लिंकनचं पत्र म्हटलं. मी त्याला थांबवलं नाही. ती कविता चांगलीच आहे, बापाचं काळीज तिच्यात खरं आहे. फक्त सुरुवातीला 'कविता : वसंत बापट' असं म्हणायला लावलं, आणि हे लिंकनचं पत्र असल्याचा पुरावा नाही, हेही समजावलं.

मग रविवारी त्याला धरणावर नेलं. पणजीच्या वडिलांचं शेत साधारण कुठे असेल ते दाखवलं, सेनापतींची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा, याची कविता आहे का? पाठ करायला?"

माझ्याकडे नव्हती. परतीच्या वाटेवर, पौड येईपर्यंत, आम्ही दोघं जुळवत होतो. दोन ओळी झाल्यात.