पोकर स्पर्धा : खेळाडूंचे आचरण आणि सचोटीचे नियम

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बजाजनगरात पत्त्यांचा खेळ परका नाही. कारखान्याची सुटी, गणेशोत्सवातील जागरण किंवा दिवाळीचे दिवस आले की रमी, मेंढीकोट, तीन पत्ती असे डाव रंगतात. तीन पत्तीलाच मराठवाड्यात ‘तिरट’ म्हणतात आणि हे नाव बहुधा पोलिसांच्या छाप्याच्या बातमीतच वाचायला मिळते. मोबाइलमुळे त्यात पोकरची भर पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, मनाई केली. प्रत्यक्ष टेबलावरील स्पर्धांचे देशातील प्रमुख केंद्र म्हणजे गोवा. ओळखीच्या चौघांनी मिळून अशा स्पर्धेला जाणे स्वाभाविकच असते. परंतु घरच्या डावात जो शिष्टाचार मानला जातो, तोच तेथे गुन्हा ठरू शकतो.

स्पर्धेचे स्वरूप

पोकरच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडू ठरावीक प्रवेशशुल्क भरतो व सर्वांना सारख्याच चिप्स मिळतात. या चिप्सना बाजारात किंमत नसते. त्या केवळ खेळात टिकून राहण्याचे साधन असतात. डाव सुरू होण्यापूर्वी भरावयाची सक्तीची रक्कम, म्हणजे ‘ब्लाइंड’, ठरावीक वेळेने वाढत जाते. चिप्स संपल्या की खेळाडू बाद होतो आणि जो जितका उशिरा बाद होईल, तितके त्याचे बक्षीस मोठे असते.

सचोटीच्या साऱ्या नियमांचे मूळ या रचनेत आहे. घरच्या डावात एकाने दुसऱ्याला सवलत दिली, तर नुकसान सवलत देणाऱ्याचे होते. स्पर्धेत मात्र एका टेबलावर वाचवलेला मित्र दुसऱ्या टेबलावरच्या अनोळखी खेळाडूला एका क्रमांकाने खाली ढकलतो. त्या अनोळखी माणसाला आपले काय गेले, हे कधी कळतही नाही.

प्रत्येकाने स्वतःपुरते खेळावे

जगभरच्या स्पर्धांमध्ये एकसारखे नियम असावेत, या हेतूने २००१ मध्ये स्पर्धा-संचालकांची एक संघटना अमेरिकेत स्थापन झाली. ‘टीडीए’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. तिची नियमावली अनेक देशांतील आयोजक प्रमाण मानतात. पोकर हा वैयक्तिक खेळ आहे आणि एका हाताचा निर्णय एकाच खेळाडूने घ्यावा, हे तिचे एक मुख्य सूत्र होय. त्यानुसार पुढील गोष्टी निषिद्ध ठरतात :

सौम्य खेळ : हातात उत्तम पत्ते असूनही समोर मित्र आहे म्हणून बोली न वाढवणे. यात कपटाचा हेतू नसला तरी तो नियमभंगच होय.

चिप्स सोडणे : जाणूनबुजून हरून आपल्या चिप्स साथीदाराच्या पदरात टाकणे. संगनमताच्या या प्रकाराबद्दल थेट स्पर्धेतून बडतर्फी होऊ शकते.

पत्ते सांगणे : डाव चालू असताना आपल्या हातातील किंवा टाकून दिलेल्या पत्त्यांविषयी बोलणे, तसेच दुसऱ्याला सल्ला देणे. तीन पत्तीत ‘साइड शो’ मागून दोघांनी आपापसांत पत्ते पाहण्याची रीत आहे. पोकरमध्ये तिला स्थान नाही.

भाषेचा नियमही याच कारणासाठी आहे. डाव चालू असताना टेबलावर कोणत्या भाषेत बोलावे, हे आयोजक जाहीर करतात. दोन मराठी खेळाडूंनी मराठीत सहज काही म्हटले, तरी इतरांना ते समजत नसल्याने आक्षेप घेतला जाऊ शकतो.

पाळी, बोली आणि चिप्स

आपली पाळी येण्याआधी बोली बोलणे किंवा पत्ते टाकणे हा नवख्यांचा नेहमीचा दोष. ज्याची पाळी आहे त्याला पुढच्याचा बेत आधीच कळल्याने तिसऱ्याचे नुकसान होते. तोंडाने जाहीर केलेली बोली बंधनकारक असते. चिप्स एकदा पुढे सरकवून, समोरच्याचा चेहरा पाहून, पुन्हा आणखी चिप्स घालणेही चालत नाही. मोठ्या किमतीच्या चिप्स सर्वांना दिसतील अशा ठेवाव्या लागतात आणि त्या खिशात घालणे किंवा टेबलावरून नेणे वर्ज्य असते.

एखाद्याने सर्व चिप्स पणाला लावल्या आणि पुढे बोली उरली नाही, की संबंधित सर्वांचे पत्ते ताबडतोब उघडे केले जातात. हरलेल्याला पत्ते झाकून टाकता येत नाहीत. दोघांनी संगनमत केले असेल, तर ते याच क्षणी उघडकीस येते.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर काही खेळाडू मुद्दाम वेळ काढतात, जेणेकरून दुसऱ्या टेबलावरचा कोणी आधी बाद व्हावा. यावर उपाय म्हणून त्या टप्प्यात सर्व टेबलांवर एकेक हात बरोबरीने खेळवला जातो. एक टेबल आधी मोकळे झाले तरी इतरांसाठी थांबते. एरवीही कोणी फार वेळ घेतला, तर घड्याळ लावण्याची मागणी करता येते.

निर्णय व शिक्षा

वाद उद्भवल्यास पत्ते वाटणारा डीलर स्पर्धा-अधिकाऱ्याला बोलावतो आणि अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. निर्णय देताना खेळाचे हित व न्याय्यता यांना अग्रक्रम द्यावा, असे नियमावली सांगते. शिक्षा चढत्या क्रमाची असते : तोंडी ताकीद, एक हात किंवा पूर्ण फेरी बाहेर बसणे आणि अखेरीस बडतर्फी. बाहेर बसलेल्याचे ब्लाइंड कापले जातच राहतात. बडतर्फ खेळाडूच्या चिप्स खेळातून काढून टाकल्या जातात.

गाजलेली प्रकरणे

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटीच्या बोरगाटा कॅसिनोतील एका स्पर्धेत बनावट चिप्स आढळल्या. केवळ २७ खेळाडू उरले असताना स्पर्धा थांबवून ती रद्द करावी लागली. दोषी खेळाडूने उरलेल्या बनावट चिप्स हॉटेलच्या शौचालयात टाकल्या; नळ तुंबले आणि प्रकरण फुटले. पुढे त्याला तुरुंगवास झाला. मात्र प्रामाणिकपणे शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचलेल्यांच्या हातचा डावही त्याच्यामुळे गेला.

त्याआधी २००७-०८ मध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’ आणि ‘अल्टिमेटबेट’ या संकेतस्थळांवर आतल्या माणसांना इतरांचे झाकलेले पत्ते दिसत असल्याचे उघड झाले. खेळाडूंनीच जुन्या हातांच्या नोंदी तपासून हा घोटाळा शोधून काढला होता.

कायद्याची बाजू

स्पर्धेचे नियम पाळले म्हणून खेळ आपोआप कायदेशीर ठरत नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेले आहेत. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे; पोकरबाबत मात्र न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेले व जहाजांवर मर्यादित परवानगी मिळाली. त्यामुळे गोव्यात चालणारा डाव बजाजनगरातील एखाद्या खोलीत पैसे लावून मांडला, तर कारवाई ओढवू शकते.

नवख्यांनी ध्यानात ठेवावे

टेबलांवरील जागा चिठ्ठीने ठरत असल्याने बरोबर आलेले मित्र एकाच टेबलावर येऊ शकतात. अशा वेळी एकमेकांविरुद्ध पूर्ण ताकदीने खेळणे हेच दोघांचे कर्तव्य असते. एकाच्या पैशांत दुसऱ्याचा वाटा असेल, तर ही दक्षता अधिकच घ्यावी लागते. डाव संपेपर्यंत पत्त्यांविषयी मौन, पाळीची वाट पाहणे, हरल्यावर डीलरवर राग न काढणे आणि शंका आल्यास भांडण न करता अधिकाऱ्याला बोलावणे, एवढे पथ्य पाळल्यास बहुतेक वाद टळतात. मैत्री जपायची असेल, तर त्यासाठी परतीचा प्रवास मोकळा असतो. टेबलावर मित्राला दिलेल्या सवलतीची किंमत त्या स्पर्धेतील प्रत्येक अनोळखी खेळाडू मोजत असतो.