व्हील अलाइनमेंट : दोरीने की कॉम्प्युटरने?

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि शिवडीहून निघालेली मोटार २१.८ किलोमीटरचा पूल ओलांडून न्हावा शेव्याजवळ चिर्ल्याला उतरू लागली. या पुलावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. एवढ्या वेगाने बराच वेळ सरळ जायचे असले की चाकांतला थोडासा वाकडेपणाही स्टिअरिंगवर जाणवतो. पूल उतरल्यावर वेगळीच परीक्षा सुरू होते. बंदराच्या रस्त्यांवर कंटेनर ट्रेलरची रीघ असते, आणि अवजड वाहनांनी उखडलेल्या रस्त्यात एखादा खड्डा जोरात बसला की अलाइनमेंट बिघडते. मग गॅरेज शोधताना प्रश्न पडतो : दोरी लावणाऱ्या जुन्या मिस्त्रीकडे जावे की पडद्यावर आकडे दाखवणाऱ्या यंत्राकडे?

मोजतात काय?

अलाइनमेंटमध्ये मुख्यतः तीन कोन पाहतात. पहिला टो. उभे राहून पायांचे चवडे आत वळवले तर जे दिसते ते टो-इन, बाहेर वळवले तर टो-आउट. दुसरा कॅम्बर : समोरून पाहिल्यावर चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती कलला आहे. तिसरा कॅस्टर : सायकलचा पुढचा फोर्क जसा तिरपा असतो तसा स्टिअरिंगच्या अक्षाचा तिरपेपणा. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येते त्यात कॅस्टरचा मोठा वाटा असतो.

टायर सर्वांत लवकर खातो तो टो. समजा, ६०० मिलिमीटर व्यासाच्या दोन्ही पुढच्या चाकांचा मिळून टो ३ मिलिमीटरने चुकला आहे. म्हणजे प्रत्येक चाक दीड मिलिमीटरने तिरपे. ऐकायला हे काहीच नाही, पण हिशेब केला तर दर किलोमीटरला ते चाक सुमारे अडीच मीटर आडवे फरफटत जाते. टो-इन जास्त असेल तर टायरची बाहेरची कड झिजते, टो-आउट असेल तर आतली. आतली कड उभ्या माणसाला दिसत नाही, म्हणून ‘टायर आतून खाल्ला’ हे बहुतेकांना फार उशिरा कळते. टायरवरून आडवा हात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर टो बिघडला आहे असे समजायला हरकत नाही.

दोरी, पट्टी आणि ओळंबा

हाताच्या पद्धतींत सर्वांत साधी म्हणजे टो-बार. टायर फिरवून मध्यावर खडूची किंवा अणीची रेघ मारतात, आणि दोन्ही चाकांवरच्या रेघांमधले अंतर आधी पुढून आणि मग मागून मोजतात. पुढचे अंतर कमी भरले तर टो-इन. दुसरी पद्धत दोरीची. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, एकमेकींना समांतर दोऱ्या ताणतात. पुढच्या चाकांच्या मध्यापासून दोरीचे अंतर डावी-उजवीकडे सारखे हवे, मागच्या चाकांचेही सारखे हवे. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत पोलादी पट्टी लावायची. दोन मापांतला फरक म्हणजे त्या चाकाचा टो. कॅम्बरसाठी ओळंबा किंवा बुडबुड्याचा गेज चालतो.

या पद्धतीला अडाणी म्हणणे चुकीचे आहे. मोटारशर्यतींचे संघ आजही ट्रॅकवर दोऱ्या लावून टो बसवतात. सपाट फरशी आणि सवयीचा हात असेल तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक पकडता येतो. दोरीची आणखी एक जमेची बाजू म्हणजे ती चारही चाके एकाच चौकटीत पाहते. टो-बार फक्त पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जुळवतो. मागचा ॲक्सल किंचित तिरका असेल तर टो-बार ‘बरोबर’ म्हणतो, आणि गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग मात्र वाकडे राहते.

हाताच्या कामात खरा घोळ मापाचा होतो. कंपनीच्या तक्त्यात कुठे टो मिलिमीटरमध्ये असतो, कुठे अंशांत. २ मिलिमीटर हा फरक टायरच्या कडेला, म्हणजे सुमारे ५८० मिलिमीटर व्यासावर मोजला तर कोन साधारण १२ कला येतो. तोच फरक रिमच्या कडेला, सुमारे ३९० मिलिमीटरवर मोजला तर जवळजवळ १८ कला. दोघे मिस्त्री ‘दोन एमएम ठेवला’ असे सांगतील, पण दोन गाड्यांची चाके वेगवेगळी वळलेली असतील.

न्हावा शेव्यात हाताची पद्धत टिकून राहण्याला ट्रेलर हेही एक कारण आहे. ट्रकचा पुढचा ॲक्सल सहसा एकसंध असतो, त्यामुळे तिथे टाय रॉडने टो जुळवणे हेच मुख्य काम. मागे जोडलेल्या ट्रेलरला तर स्टिअरिंगच नसते. तिथे किंगपिनपासून पहिल्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर टेपने मोजतात, आणि ते सारखे भरले की पुढचे ॲक्सल त्याला समांतर आणतात. पाट्याचा यू-बोल्ट सैल होऊन ॲक्सल सरकला तर ट्रेलर रस्त्यावर तिरका चालतो, आणि मागून येणाऱ्या मोटारचालकालाही ते नुसत्या डोळ्यांनी दिसते.

यंत्र काय वेगळे करते

कॉम्प्युटरवरच्या अलाइनमेंटचे दोन प्रकार सर्रास दिसतात. जुन्या प्रकारात चारही चाकांवर इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवतात. थ्री-डी प्रकारात चाकांवर फक्त ठिपक्यांच्या पाट्या लावतात आणि समोरचे कॅमेरे त्या पाहतात. गाडी थोडी मागे-पुढे ढकलतात, ती उगाच नव्हे. रिम वाकडी असेल किंवा क्लॅम्प तिरका बसला असेल तर त्याची चूक या हालचालीतून यंत्र वजा करते. दोरीवाल्याला यासाठी चाक फिरवून पुन्हा मोजावे लागते, आणि घाईत तेच टळते. कॅस्टरसाठी चाके फिरत्या थाळ्यांवर ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे ठरावीक अंशांनी वळवतात, आणि कॅम्बर किती बदलला यावरून कॅस्टर काढतात. मागचा ॲक्सल कोणत्या दिशेला तोंड करून आहे हेही यंत्र दाखवते, आणि पुढचा टो त्याच दिशेला धरून बसवता येतो.

पण यंत्र फक्त मोजते. पाना हातात घेऊन टाय रॉड फिरवणारा माणूसच असतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो सोडला तर फारसे काही फिरवता येत नाही. पुढचा कॅम्बर आणि कॅस्टर रचनेनेच ठरलेले, आणि मागे टॉर्शन बीम असेल तर तिथे बोल्ट फिरवून जुळवण्याची सोयच नसते. म्हणून छापील कागदावर मागचा आकडा लाल राहिला तर मिस्त्रीने फसवले असे लगेच ठरवू नये. तो लाल आकडा बीम वाकल्याचे किंवा बुश गेल्याचे सांगत असतो. उलट, सगळे हिरवे दिसते म्हणून निश्चिंतही होऊ नये. यादीतून चुकीचे मॉडेल निवडले तर यंत्र चुकीच्या मापालाही हिरवा रंग देते. रॅम्पची पातळी बिघडली, तर कॅम्बरचे आकडेही तितकेच बिघडतात. भरावाच्या जमिनीवर फरशी हळूहळू खचू शकते, त्यामुळे खाडीकाठच्या गॅरेजांत पातळी अधूनमधून तपासणे गरजेचे असते.

आधीची तपासणी

दोरी असो वा कॅमेरा, माप घेण्याआधी चारही टायरांतली हवा तपासायला हवी आणि गाडी जॅकवर घेऊन चाक हलवून पाहायला हवे. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश किंवा बेअरिंग यांपैकी काहीही खिळखिळे असेल तर केलेले माप पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते. ही पाच मिनिटे न देणाऱ्या गॅरेजात महागडे यंत्र असून उपयोग नाही. खाऱ्या हवेत टाय रॉडचा लॉकनट गंजून घट्ट बसतो. तो सोडवायचा कंटाळा आला की एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून एकूण टो जुळवला जातो. आकडा बरोबर येतो, स्टिअरिंग तिरके राहते.

८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष बहुधा बॅलन्सिंगचा असतो, अलाइनमेंटचा नव्हे. गाडी एकीकडे ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहावेत, मात्र टायर एकाच दिशेने फिरवण्याचे नसावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. अटल सेतूवर मात्र हा निकाल लावू नये. समुद्रावरचा आडवा वारा चांगल्या गाडीलाही ढकलतो. पाणी वाहून जाण्यासाठी रस्त्याला दिलेला उतारही गाडीला थोडे बाजूला नेतो.

गाडी लेन राखायला मदत करणारी असेल तर दोरीने काम पुरे होत नाही. अशा गाडीत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो. टो बदलल्यावर त्याची ‘सरळ’ची जागा स्कॅनर लावून पुन्हा ठरवावी लागू शकते. कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन लागते का, हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते. काम सोपवण्याआधी गॅरेजात तो स्कॅनर आहे का, एवढे विचारून घ्यावे.