डोळ्यांतलं पाणी आणि बाटलीतला थेंब

कामात असाल तर हात चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत डोळ्यांत घालायच्या थेंबांबद्दल. विषय छोटा वाटेल, पण चुकीच्या थेंबापायी कायमची नजर जाऊ शकते. म्हणून हे थेंब आले कुठून, ते आधी बघू. तो इतिहास कळला की दुकानात कोणती बाटली मागायची आणि कोणती परत करायची, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

आपल्या गटांमध्ये चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी जणी म्हणतात, “डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, संध्याकाळी जळजळतं, वाऱ्यात पाणी गळतं.” पाणी गळतंय म्हटल्यावर डोळा कोरडा आहे हे कुणाला खरं वाटत नाही. पण डोळ्याला दोन प्रकारचं पाणी लागतं. एक, जे दिवसभर पातळ थरासारखं बुबुळावर पसरून राहतं. दुसरं, जे रडताना किंवा कांदा चिरताना वाहतं. पहिला थर विरळ झाला की डोळा चुरचुरतो, आणि चुरचुरला की दुसरं पाणी धावून येतं. ते गालावरून ओघळून जातं, डोळ्यावर टिकत नाही. म्हणजे डोळा वाहतोही आणि कोरडाही राहतो.

ही तक्रार आजची नाही. सुश्रुतसंहिता हा आपल्याकडचा दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्यकाचा ग्रंथ. त्याच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे 76 रोग सांगितले आहेत. त्यातला एक आहे शुष्काक्षिपाक. नावातच कोरडेपणा आहे. पापण्या कडक होतात, डोळा उघडायला त्रास होतो, नजर गढूळ होते, असं त्याचं वर्णन आहे. थेंब घालण्याला तिथे आश्च्योतन म्हटलं आहे. डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात तूप भरायचं, या उपचाराला तर्पण म्हणतात. कोरड्या डोळ्याला नुसतं पाणी पुरत नाही, स्निग्धपणाही लागतो, हे त्या वैद्यांनी ओळखलं होतं. मात्र त्या काळात जंतू कुणाला ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहेत. म्हणून घरचं तूप, मध, गुलाबपाणी किंवा अंगावरचं दूध डोळ्यात घालू नये. या गोष्टी वाईट नाहीत, पण त्या निर्जंतुक नसतात, आणि डोळ्यावर आधीच ओरखडा असेल तर जंतूंना आयती वाट मिळते.

स्निग्धपणा का लागतो, याचं उत्तर पुढे जर्मनीत मिळालं. हाइनरिश मायबोम नावाच्या वैद्याने 1666 मध्ये पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींचं नीट वर्णन केलं. आजही त्या मायबोमियन ग्रंथी म्हणूनच ओळखल्या जातात. त्यांतून तेलकट पदार्थ पाझरतो आणि डोळ्यातल्या पाण्यावर पातळ साय धरतो. साय असली की पाणी लवकर उडत नाही. ग्रंथींची तोंडं बुजली की साय धरत नाही आणि पाणी वाऱ्यावर उडून जातं. कोरड्या डोळ्यांच्या पुष्कळ रुग्णांमध्ये दोष पाण्याचा नसून या सायीचा असतो.

पाणी कमी आहे की नाही, हे मोजायची सोपी युक्ती ओटो शिर्मर या जर्मन डॉक्टरने 1903 मध्ये सांगितली. टिपकागदाची 5 मिलिमीटर रुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, 5 मिनिटं थांबायचं आणि ओल किती उतरली ते मोजायचं. ओल 5 मिलिमीटरपर्यंतही पोचली नाही तर पाणी फारच कमी. डोळ्यांच्या दवाखान्यात आजही ही तपासणी होते. तुमच्या पापणीत कागदाची पट्टी लावली तर घाबरू नका, ती 120 वर्षांची जुनी, बिनइंजेक्शनची तपासणी आहे.

यानंतरची गोष्ट खास आपली, म्हणजे बायकांची. स्वीडनमध्ये हेन्रिक श्योग्रेन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे काही स्त्रिया येत. डोळे कोरडे, तोंड कोरडं, आणि बहुतेकींचे सांधेही धरलेले. डोळ्याचं दुखणं वेगळं, सांध्याचं वेगळं, असं म्हणून त्यांना सहज वाटेला लावता आलं असतं. श्योग्रेन यांनी या सगळ्या तक्रारी एकत्र मांडल्या. 1933 मध्ये त्यांनी 19 रुग्णांवर प्रबंध लिहिला. त्या 19 च्या 19 स्त्रिया होत्या. हे सगळं एकाच आजाराचं रूप आहे, असं त्यांचं म्हणणं. विद्यापीठात त्या प्रबंधाचं फारसं कौतुक झालं नाही, चांगली श्रेणीही मिळाली नाही. 1943 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि जगाचं लक्ष गेलं. आज तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच ग्रंथींवर उलटते. म्हणून मैत्रिणींनो, डोळे कोरडे, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही आणि सांधे दुखतात, असं तिन्ही असेल तर डॉक्टरांना तिन्ही गोष्टी एकदमच सांगा. “वयामुळे होतं” म्हणून गप्प बसू नका. पाळी गेल्यानंतर डोळे कोरडे होण्याचं प्रमाण वाढतं हे खरं, पण वय हे उपचार न करण्याचं कारण नव्हे.

आता बाटलीकडे येऊ. नुसतं मिठाचं पाणी डोळ्यात घातलं तर क्षणभर बरं वाटतं आणि ते लगेच निघून जातं. पाणी डोळ्यावर टिकवायचं कसं, हा प्रश्न होता. झाडांच्या तंतूंत सेल्युलोज असतं. त्यापासून केलेला मिथाइल सेल्युलोज हा बुळबुळीत पदार्थ 1945 च्या सुमारास डोळ्यांसाठी वापरात आला. पेजेसारखा तो पाण्याला धरून ठेवतो. त्याच कुळातलं कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आज आपल्या दुकानांत सर्रास मिळतं. लेबलावर त्याला थोडक्यात सीएमसी म्हणतात. दुसरा पदार्थ हायल्युरॉनिक आम्ल. 1934 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळा काढला. त्याचे थेंब सोडियम हायल्युरोनेट या नावाने मिळतात. हे सगळे ओलावा देणारे थेंब. ते उणीव भरून काढतात, आजार मुळातून बरा करत नाहीत. म्हणून ते दोन दिवस घालून सोडायचे नसतात, नेमाने घालावे लागतात.

बाटली उघडली की जंतू शिरणारच. त्यांना अडवायला बाटलीत संरक्षक रसायन घालतात. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे त्यातलं जुनं आणि नेहमीचं. जंतूंना ते मारतं, पण दिवसातून अनेक वेळा, महिनोन्महिने डोळ्यात गेलं तर बुबुळावरच्या नाजूक पेशींनाही इजा करतं. ज्यासाठी थेंब घालतो तोच कोरडेपणा त्याने वाढू शकतो. म्हणून संरक्षक नसलेले थेंब निघाले. ते बहुधा छोट्या नळ्यांत येतात, आणि नळी उघडली की लेबलावर सांगितल्याप्रमाणे लवकर संपवून टाकून द्यायची असते. काही कंपन्या जंतू आत शिरणार नाहीत अशा खास बनावटीच्या बाटल्याही करतात.

यात हयगय झाली तर काय होतं, ते 2023 मध्ये दिसलं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या, संरक्षक नसलेल्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांमधून औषधांना न जुमानणारा जंतू पसरला. त्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत 18 राज्यांत 81 रुग्ण सापडले. 14 जणांची दृष्टी गेली आणि 4 जण दगावले. ते थेंब आपल्याच देशात, चेन्नईजवळच्या एका कारखान्यात बनले होते, आणि तिथे निर्जंतुकीकरणात उणिवा असल्याचं तपासणीत आढळलं. यावरून थेंब घालायचेच नाहीत असं नव्हे. पण उघडी बाटली वर्षभर फडताळात ठेवणं आणि घरातल्या चौघांनी मिळून वापरणं किती धोक्याचं आहे, हे मात्र समजून घ्यावं.

आता सगळ्यात घातक बाटली. 1948 मध्ये अमेरिकेत संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोन हे औषध पहिल्यांदा दिलं आणि ती काही दिवसांत चालू-फिरू लागली. त्या शोधाला 1950 मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. हेच स्टेरॉइड औषध. पुढे ते डोळ्यांच्या थेंबांत आलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते नजर वाचवतं. पण मनाने घेतलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. उसाचं पातं किंवा भाताचं तूस लागून बुबुळावर बुरशीची जखम झाली असेल, तर स्टेरॉइडने ती जखम झपाट्याने चिघळते. धोका असा, की या थेंबांनी लाली आणि जळजळ दोन दिवसांत जाते, म्हणून बाई म्हणते, “हेच औषध मला लागू पडलं.” मग तीच रिकामी बाटली दाखवून पुन्हा पुन्हा आणली जाते. लेबलावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन असं नाव असेल, तर चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. लेबलावर उभी लाल रेघ दिसली तरी तोच नियम.

लहान मुलांची गोष्ट निराळी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमधलं लोणी परदेशी विकलं जाई आणि गरिबांची मुलं साय काढलेल्या दुधावर राहत. अनेक मुलांचे डोळे सुकून ती आंधळी झाली. कार्ल ब्लॉख या डॉक्टरांनी त्याचं मूळ आहारात शोधलं. पुढे लोणी रेशनवर घरोघरी मिळू लागलं, तेव्हा आजार ओसरला. ती उणीव होती अ जीवनसत्त्वाची. आपल्या देशात 1970 पासून मुलांना या जीवनसत्त्वाचा डोस देतात, तो अंगणवाडीत चुकवू नका. मूल संधिप्रकाशात ठेचकाळत असेल, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसत असेल, तर थेंब शोधत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. आणि शेवग्याचा पाला, मेथी, पालक, गाजर, पपई, अंडं, दूध ताटात येऊ द्या.

तर मग निवडायचं कसं? दोन्ही डोळ्यांना जुनीच चुरचुर आहे, धूर, वारा, शिलाई मशीन किंवा मोबाइलने ती वाढते, पण नजर चांगली आहे आणि ठणका नाही, तर ओलावा देणारे थेंब चालतील. दुकानात कंपनीचं नाव न घेता औषधाचं नाव घ्या: सीएमसी 0.5 टक्के. जनऔषधी केंद्र जवळ असेल तर आधी तिथे विचारा. दिवसातून चार वेळांपर्यंत घालायचे असतील तर साधी बाटली चालते. त्याहून जास्त वेळा किंवा वर्षानुवर्षं लागत असतील तर संरक्षक नसलेले मागा. रात्री फार टोचत असेल तर घट्ट जेल असतं, ते झोपताना घालावं, कारण त्याने थोडा वेळ धूसर दिसतं. “लाली घालवणारे” थेंब मात्र नकोत. ते रक्तवाहिन्या आकसवतात, आणि असर उतरला की लाली आणखी वाढते.

थेंब घालायच्या आधी हात धुवा. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा बोटाला लागू देऊ नका. मग मिनिटभर डोळा मिटून ठेवा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबा. बाटली उघडाल त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहा आणि महिनाभराने ती टाकून द्या. एका माणसाची एकच बाटली. सोबत स्वच्छ फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून पाच-दहा मिनिटं मिटल्या पापण्यांवर धरा, त्याने मायबोमच्या ग्रंथी मोकळ्या होतात. चुलीचा धूर बाहेर जाईल अशी वाट करा. सुई-दोऱ्याच्या कामात मध्ये मध्ये पापण्या मिटत राहा. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, म्हणून चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

आणि एकाच डोळ्यात ठणका असेल, उजेड सोसत नसेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, नजर कमी झाली असेल किंवा शेतात काही लागलं असेल, तर कोणतेही थेंब न घालता त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठा.

आमच्या गटांनी ठरवलंय, की पुढच्या महिन्याच्या बैठकीत हिशोबाच्या वह्यांबरोबर घरातल्या डोळ्यांच्या बाटल्याही आणायच्या. प्रत्येकीचं लेबल मोठ्याने वाचायचं. मुदत संपलेल्या बाजूला काढायच्या, स्टेरॉइड असलेल्यांसाठी डॉक्टरांना विचारायचं. तुमच्या गटातही हे करून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.