जालना जिल्ह्यातील घरगुती वीजबचत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यातील घरगुती वीजबचतीचा विचार बहुधा उपकरणे व बिल यांपुरताच केला जातो. वस्तुतः या बचतीस इतिहास आहे. काटकसर करणाऱ्या कुटुंबाच्या पदरात तिचे फळ कितपत पडले, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

रॉकेलचा काळ

१९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. वीज खेडोपाडी पोहोचेपर्यंत, आणि त्यानंतरही दीर्घकाळ, चिमणी व कंदील हीच प्रकाशाची साधने होती. राखेने काच पुसणे, वात खाली करणे ही बचत गृहिणीच्या हातात होती. वाचलेले रॉकेल घरातच राहत असे.

भारनियमनाचा काळ

६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. विजेच्या तीव्र टंचाईच्या या काळात भारनियमनाचे तास वाहिनीवरील गळती व बिलवसुली यांवरून ठरू लागले. परिणामी नियमित बिल भरणाऱ्या काटकसरी कुटुंबालाही शेजाऱ्यांच्या थकबाकीपोटी अंधार सोसावा लागे. याच काळातील अक्षय प्रकाश योजनेने वेगळा मार्ग दाखविला. सायंकाळी पंप व मोठी उपकरणे बंद ठेवण्याचे गावाने एकमताने मान्य केल्यास घरांतील दिव्यांना वीज मिळे. येथे बचतीचे फळ बचत करणाऱ्यांनाच मिळत होते. डिसेंबर २०१२ मध्ये राज्य भारनियमनमुक्त झाल्याचे जाहीर झाले. तरी अधिक हानीच्या वाहिन्यांवर भारनियमन चालूच राहिले.

बिलाचा काळ

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ अन्वये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला व २००६ पासून उपकरणांवर तारांकन आले. जानेवारी २०१५ मधील उजाला योजनेने एलईडी दिवे स्वस्त केले. ६० वॉटचे चार दिवे रोज पाच तास लावल्यास महिन्यास ३६ युनिट लागतात. ९ वॉटच्या चार एलईडी दिव्यांना सुमारे साडेपाच युनिट पुरतात. पहिल्या १०० युनिटांनंतर दर वाढत असल्याने १२५ युनिट वापरणारे कुटुंब एवढ्यानेच खालच्या टप्प्यात येते. मात्र दोन दिवे व एक पंखा असलेल्या घरात वाचविण्यासारखे मुळातच अल्प असते आणि स्थिर आकार तर वापर कमी केला तरी घटत नाही. फेब्रुवारी २०२४ मधील प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या सौरसंचास ७८,००० रुपये अनुदान आहे. परंतु त्यासाठी स्वतःचे छत हवे. भाडेकरू कुटुंब तेथेही मागे राहते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, काटकसर ही येथील घरांची जुनीच सवय आहे. बदलत गेली ती तिच्या लाभाची वाटणी. कंदिलाच्या काळात तो घराला, अक्षय प्रकाश योजनेत गावाला, तर आज प्रामुख्याने अधिक वापर व स्वतःचे छत असणाऱ्यास मिळतो. म्हणून वीजबचतीचे धोरण आखताना सर्वांत कमी वीज वापरणाऱ्या घराचा विचार प्रथम होणे अगत्याचे आहे.